काठाला कात्री

सगुणाबाईंनी कापडाच्या थरावर सरळ पालथा हात ठेवला. "मास्तर, मशीन बंद करा. आधी माझी बोटं कापा, मग हा काठ."

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या त्या जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंगची बाई कापड कापायच्या टेबलाकडे फिरकत नाही, असा शिरस्ता. पण सगुणाबाई शिरस्त्याला विचारून पाऊल टाकणाऱ्या नव्हत्या. बावीस वर्षं त्यांनी शिवून आलेल्या पँटींचे सुटे दोरे कापले होते. दोरा कुठं सुटतो नि कुठं सुटत नाही, हे डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळायचं. शाळा दुसरीपर्यंत. ती दुसरीही अर्धीच, पण हे त्या कुणाला सांगत नसत.

कटिंगच्या शंकर मास्तरांनी कपाळाला हात लावला. "आजी, दोन्ही कडा आपण रोज कापून टाकतो. आज काय नवीन?"

"रोजच्या कडेला झिपऱ्या लोंबतात. ही बघा, कशी घट्ट नि साफ. आत लाल दोरा. कुणीतरी मन लावून विणलीय ही."

"ही साडी नाही, आजी. ऑर्डरच्या चिठ्ठीवर असं काही लिहिलेलं नाही."

"मग हा वरचा मोठा शब्द काय?"

"ब्रँडचं नाव असेल. चिठ्ठीच्या डोक्यावर नावच असतं."

"असेल! वाचलंत का?"

मास्तर चिठ्ठी उलटसुलट करू लागले. इंग्रजी आकडे नि मापं त्यांना तोंडपाठ होती, पण हा शब्द त्यांनी नुसता बघून सोडून दिला होता. शेठला विचारावं तर तो विमानात, फोन बंद.

"कारागीर रिकामे बसलेत," मास्तर चिडले. "तुमचं खोटं निघालं तर?"

"तर उद्यापासून ह्या कारखान्याची पायरी चढणार नाही."

शेजारच्या गयाबाईने पदर ओढला. "अगं, खिडकीजवळचं टेबल तुझं. बावीस वर्षांची जागा, अशी पैजेवर लावतेस?"

"गप गं. मी काय पत्ते खेळतेय?" सगुणाबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली. घरात सून होती, मुलगा होता, मान होता. पण जिथं आपण बोललो की दहा बायका ऐकतात, ते ठिकाण हेच.

नात यशोधरा अंबरनाथ पश्चिमेला घरी परीक्षेचा अभ्यास करत होती. बी.ए., इंग्रजी. गयाबाईने चिठ्ठीचा फोटो तिला पाठवला आणि सगुणाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आजी, सेल्व्हेज लिहिलंय."

"शिवी आहे का गं?"

मशीनवरची पोरं हसली. यशोधराही हसली. "नाही गं! थांब, डिक्शनरीत बघते. सेल्फ म्हणजे स्वतः, एज म्हणजे कड. कापडाची स्वतःची कड. विणताना आडवा धागा कडेला पोचतो आणि वळून परत आत येतो, म्हणून दोरे सुटत नाहीत. कड उसवू नये म्हणून वरून ओव्हरलॉकची शिलाई मारावी लागत नाही."

सगुणाबाईंनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं. "शब्द जुना आहे का?"

"पाच-सहाशे वर्षांचा. विणकरांचा. डच लोकांकडे असाच एक होता, त्यावरून बेतलेला."

"म्हणजे साहेबांनीही उसनाच घेतला."

"आणि आता भारी जीन्सवाले पँटचे पाय दुमडून हीच कड मिरवतात."

"आपण चौदा एप्रिलला पांढऱ्या साडीचा निळा काठ मिरवतो, तसंच की!"

"अगदी तसंच, आजी."

मास्तरांनी मशीनची पिन काढली, पण कबूल काही केलं नाही. "अर्थ कळला. शेठला काय हवंय ते कुठं कळलं?"

मग बसले सगळे. घड्याळाचा काटा हलेना. सगुणाबाई आपल्या टेबलाशी गेल्या आणि कालच्या पँटींचे दोरे कापू लागल्या. आज कटर दोनदा हातातून निसटला. ते गयाबाईने पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

एक वाजता शेठचा फोन आला. त्याचा आवाज मास्तरांच्या कानातून बाहेर सांडत होता. "मास्तर, उस किनारी को हाथ मत लगाना! उसी के लिए तो ये माल मंगवाया है!"

मास्तर खाली मान घालून खिडकीपाशी आले. "आजी, चुकलो."

"चुकलात ते राहू द्या. शब्द म्हणा."

"सेल्व्हेज."

"मोठ्यानं. मागच्या पोरांना ऐकू गेलं नाही."

मास्तर मोठ्यानं म्हणाले. वर खडूने भिंतीवर मराठी अक्षरांत लिहूनही टाकलं.

गयाबाई कानाशी लागली. "खरं सांग, भीती नाही वाटली?"

"मला कोण ओव्हरलॉक मारणार? मी सेल्व्हेज आहे. माझी यशूही."

संध्याकाळी मास्तर पहिली शिवलेली पँट घेऊन परत आले आणि टेबलाशी उभे राहिले. "आजी, जरा बघता? काठ बरोबर बसलाय का?"

सगुणाबाईंनी मान वर केली नाही.

"थांबा मास्तर. हातातला दोरा होऊ दे."