शांतता राखा, इथे भाषा शिकवतात

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. आरशाने समोर येईल ते मुकाट्याने दाखवावे, स्वतःचे मत सांगू नये, अशी लोकांची अपेक्षा असते. इतकी वर्षे मी ती पुरी केली. पण एका चांगल्या वर्गाचे डोळ्यांदेखत जे मातेरे झाले, ते पाहून गप्प बसणे मला जमणार नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने मला मोठ्या तावदानातून कापले, माझ्या कडा घासल्या, पाठीवर चांदीचा मुलामा चढवला आणि मला लाकडी चौकटीत बसवले. तिथून मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. लोक माझ्यासमोर पोट आत ओढून उभे राहत आणि कोट घट्ट झाला म्हणून शिंप्याला बोल लावत. पुढे शिंप्याची नजर अधू झाली, दुकान बंद झाले, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी मला मागून घेतले.

बाई स्पॅनिश शिकवत. लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात गेल्या होत्या आणि तिथल्या एका रुग्णालयात टेलिफोनवर बसत होत्या. नवरा गेल्यावर त्या परत आल्या आणि पुढच्या खोलीत त्यांनी वर्ग सुरू केला. गोल मांडलेल्या खुर्च्या, एक फळा आणि भिंतीवर मी, एवढेच सामान. मला त्यांनी मुद्दाम तोंडाच्या उंचीवर टांगले होते. नवा माणूस आला की त्याला माझ्यापुढे उभे करत आणि स्वतःची जीभ बघायला लावत.

स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे 'पण', आणि तोच 'र' जीभ थरथरवून 'पेर्रो' असा म्हटला की कुत्रा. सुरुवातीला कोणाचीच जीभ थरथरत नसे. मग एखादा गंभीर चेहऱ्याने सांगे, "माझ्या घरी एक 'पण' आहे आणि तो फार भुंकतो." सगळा वर्ग हसून बेजार होई. प्रयत्न करताना माझ्या काचेवर थुंकीचे तुषार उडत. बाई ते फडक्याने पुसत आणि म्हणत, जमायला लागलं म्हणायचं.

तिथे मी भाषा येताना पाहिली आहे, मित्रांनो. आधी ओठ घाबरतात, मग चुकतात, मग एक दिवस विसरतात की ते परके शब्द बोलत आहेत. स्पॅनिश ही काही एका देशाची भाषा नाही. ती कितीतरी देशांत बोलली जाते, आणि बाईंकडे शिकलेली माणसे कुठे कुठे पोहोचली. एक परिचारिका बंदराजवळच्या रुग्णालयात लागली आणि परदेशी खलाशांना कुठे दुखते ते त्यांच्या भाषेत विचारू लागली. एक जण यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर करू लागला.

बाईंची आणखी एक खुबी होती. त्या मराठीचे बोट धरून शिकवत. आपण 'मी चहा आवडतो' म्हणत नाही, 'मला चहा आवडतो' म्हणतो. स्पॅनिशमध्येही तसेच म्हणतात, 'मे गुस्ता'. मला दुखते, 'मे दुएले'. "अर्धं तर तुम्हाला घरबसल्या येतंय," असे त्या सांगत, आणि समोरच्या माणसाची मान जरा ताठ होई.

अशातच पोस्टातल्या काकू आल्या. पोस्टाच्या खिडकीवर आयुष्य काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने स्पॅनिश बोलणाऱ्या घरात लग्न केले होते. जावई इंग्रजीत थोडेफार बोले, पण विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हते. फोनवर दोघी नुसत्या हसत आणि नमस्कार करत. काकू बाईंना म्हणाल्या की माझी मुलगी विहीणबाईंच्या घरात राहते, आणि मला त्यांना 'कशा आहात' यापुढे एक अक्षर बोलता येत नाही, हे मला सहन होत नाही. विहिणीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बाईंनी सांगितले, 'कोन्सुएग्रा'. विहिणीला त्या भाषेत स्वतःचा शब्द आहे हे ऐकून काकूंना इतका आनंद झाला, की माझ्यापुढे उभ्या राहून त्यांनी तो पुन्हा पुन्हा म्हटला.

काही महिन्यांत काकू बोलू लागल्या. तुटक बोलत, चुकत, पण बोलत. समोरचा भरभर बोलला तर 'देस्पासियो, पोर फावोर', म्हणजे जरा सावकाश, असे म्हणायला त्या शिकल्या. शब्द आठवला नाही तर थांबायचे नाही, माहीत असलेल्या शब्दांनी वाट काढायची, हा बाईंचा नियम त्यांनी अंगी बाणवला.

मग बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, जिना बंद झाला, आणि त्या मागच्या गल्लीत बहिणीच्या घरी तळमजल्यावर राहायला गेल्या. वर्ग त्यांच्या भाच्याने हातात घेतला. भाचा मनाचा वाईट नव्हता. पण त्याला स्पॅनिशचे एक वाक्य धड येत नव्हते आणि ती गोष्ट त्याला अडचणीची वाटत नव्हती. त्याने तयार अभ्यासक्रम आणला, त्याला नाव दिले 'सहज स्पॅनिश', आणि बाहेर मोठा फलक लावला. झोपेत असल्यासारखे शिका, चुका विसरा, असे काहीसे त्यावर लिहिले होते.

गोल खुर्च्या गेल्या. त्यांच्या जागी लाकडी आडोसे आले, प्रत्येक आडोशात एक पडदा आणि एक हेडफोन. मला पाहून भाचा म्हणाला की आरशाने लोक बुजतात. त्याने मला उतरवून हात धुण्याच्या जागेजवळच्या बोळात टांगले. उतरवताना माझा एक कोपरा फुटला. आणि दालनाच्या दारावर त्याने पाटी लावली : 'शांतता राखा'.

भाषेच्या वर्गात शांतता राखा! पोहण्याच्या तलावावर 'पाण्यात उतरू नका' अशी पाटी लावल्यासारखेच झाले हे. माणसे येत, कानांवर हेडफोन चढवत, पडद्यावर बोटे टेकवत आणि मुक्याने घरी जात. पडदा त्यांना 'मुलगा सफरचंद खातो' शिकवी आणि बरोबर बोट टेकले की चांदणी देई. एवढ्या चांदण्या मिळालेली माणसे बोळात येऊन हात धुताना स्वतःशी स्पॅनिशचा एक शब्दही पुटपुटत नसत. मी बघत होतो ना!

काकूंनी वर्षभराची फी आधीच भरलेली होती, म्हणून त्याही एका आडोशात बसल्या. यंत्राने त्यांना पहिल्या पायरीवर नेऊन ठेवले, कारण त्यांची परीक्षा इंग्रजीतून झाली. 'गुस्तार', म्हणजे आवडणे, हे फार विचित्र क्रियापद आहे, ते समजायला वेळ लागेल, असे यंत्र त्यांना इंग्रजीत समजावू लागले. ज्या काकूंना 'मला आवडते' आईच्या दुधाबरोबर मिळाले होते, त्यांना! त्यांनी विहीण हा शब्द शोधला, तर यंत्राकडे तो नव्हता, कारण इंग्रजीत तो नाही. काकूंनी विचारले, शंका कोणाला विचारायची? भाच्याने हसून सांगितले की या पद्धतीत शंका येतच नाहीत.

एका दुपारी काकूंचा फोन वाजला. दालनातल्या साऱ्या माना वळल्या. काकू फोन घेऊन घाईघाईने बोळात आल्या, माझ्यापुढे. फोन विहीणबाईंचा होता. मुलीला दिवस गेलेले होते हे मला ठाऊक होते, कारण हात धुताना काकू ते प्रत्येकाला सांगत. पलीकडचा आवाज पावसासारखा कोसळत होता. काकूंनी तोंड उघडले आणि त्यातून काहीच बाहेर आले नाही. ओठ घाबरलेले मी ओळखतो.

काकूंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी स्वतःच्या उघड्या तोंडाकडे पाहिले, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कोन्सुएग्रा. देस्पासियो, पोर फावोर."

आवाज सावकाश झाला. मग काकूंना एकेक शब्द सापडू लागला. मुलगी रुग्णालयात होती. ताप मेंदूपर्यंत चढल्यासारखी ती बरळत होती. जावई कामावर दूर गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. डॉक्टर विचारत होते की हिला एखादे औषध चालत नाही का, आणि ते पेनिसिलिन द्यायच्या तयारीत होते. ते नाव तिकडेही जवळपास तसेच, 'पेनिसिलिना'.

मुलगी लहान असताना याच औषधाच्या इंजेक्शनाने तिचा गळा सुजला होता आणि ती हातातून जाता जाता राहिली होती.

"नो," काकू म्हणाल्या. "पेनिसिलिना, नो. ले आसे दान्यो." म्हणजे, तिला त्याने अपाय होतो.

विहीणबाईंनी काहीतरी विचारले. सुजणे याला काय म्हणतात ते काकूंना येत नव्हते. त्या थांबल्या नाहीत. स्वतःचा गळा धरून, समोर कोणी बघत असल्यासारख्या, त्या म्हणाल्या, "गार्गान्ता ग्रांदे. नो आइरे." गळा मोठा. हवा नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्यच नव्हते. पण पलीकडे विहीणबाई कोणाला तरी मोठ्याने हाक मारताना ऐकू आल्या, आणि तेच शब्द त्या दुसऱ्याला सांगत होत्या. काकू फोन कानाला चिकटवून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने पलीकडून काही शब्द आले आणि काकू खाली जमिनीवर बसल्या. डॉक्टरांनी औषध बदलले होते.

तेवढ्यात भाचा बोळात आला. त्याने दाराकडे बोट दाखवले आणि आवाज कमी करायला सांगितले. बाकीच्यांचा अभ्यास बिघडतो, म्हणाला.

काकू उठल्या. पोस्टाच्या खिडकीवर त्यांचा आवाज कधी चढला नसेल. आताही चढला नाही.

"बिघडायला इथे अभ्यास होतोय कुठे?" त्या म्हणाल्या. "माझी मुलगी आज जे चार शब्द मला आले त्यांच्यावर वाचली. त्यातला एकही तुमच्या पडद्याने शिकवलेला नाही. इतके दिवस मी इथे बसते, या खोलीत एकाही माणसाने मला बोलताना ऐकलं नाही. माझं चुकलं तर सांगणारं कोण आहे इथे?"

भाचा म्हणाला, "काकू, यंत्र चुका मोजतं की."

"मोजू दे. मला ऐकणारं माणूस हवंय."

असे म्हणून त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले आणि सांगितले की हा आरसा बाईंचा आहे, बाईंकडे जाईल. भाच्याला तो फुटका आरसा नकोच होता. काकूंनी मला पदराआड धरून जिना उतरवला आणि मागच्या गल्लीत नेले. त्यांच्यामागोमाग आडोशांतून तिघेचौघे उठून आले. बाई पाय लांब करून बसल्या होत्या. काकूंनी सगळे सांगितले. बाईंनी डोळे पुसले आणि 'ग्रांदे'चा उच्चार बरोबर केलात का, हे आधी विचारले.

आता वर्ग बाईंच्या बहिणीच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत भरतो. मी कपाटाच्या दाराला टांगलेला आहे. इतके झाल्यावर तरी तिकडे काही बदलले असेल, असे तुम्हाला वाटेल. बदलले! फलकावर काकूंचा फोटो आला. प्रवेश घेताना दिलेला फोटो मोठा करून त्याखाली लिहिले होते की 'सहज स्पॅनिश'मुळे या आईने मुलीचा जीव वाचवला. हे ऐकले तेव्हा माझा फुटका कोपरा पुन्हा दुखला. काकू भरदिवसा तिथे गेल्या आणि स्वतः समोर उभ्या राहून त्यांनी तो उतरवायला लावला. पण नवी माणसे अजून तो जिना चढतात आणि वर्षभराची फी आधीच भरून मोकळी होतात.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, मित्रांनो. स्पॅनिश जरूर शिका. पण वर्ग निवडताना फलक वाचू नका. आधी एक तास आत बसू द्या म्हणावे, आणि बसू देत नसतील तर तसेच माघारी फिरावे. आत बसलात तर तिथे बोलते कोण, शिकणारे की नुसते यंत्र, ते बघा. तुमची चूक ऐकून कोणी थांबते का, हे बघा. यंत्र घरी वापरा, त्याच्याशी माझे वैर नाही. मी स्वतः वस्तूच आहे. मी तोंड दाखवतो, पण उत्तर देत नाही, आणि हे मी कधी लपवले नाही. आणि शिकवणाऱ्या माणसाला जपा. त्याचे गुडघे दुखू लागले म्हणून त्याची विद्या अडगळीत टाकू नका.

मुलगी सुखरूप बाळंत झाली. परवा वर्ग सुरू असताना विहीणबाईंचा फोन आला आणि काकू माझ्यापुढे उभ्या राहून त्यांच्याशी कडाकडा भांडू लागल्या. बाळाच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून वाद पेटला होता. दोन्ही बाजू ऐकायला तयार नव्हत्या. काकूंनी एक क्रियापद साफ चुकवले. बाई सुधारायला पुढे सरकल्या, तर काकूंनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, थांबा जरा. आधी भांडू द्या."

बाई मागे टेकून बसल्या, आणि पुढच्या सगळ्या चुका त्यांनी हसत हसत सोडून दिल्या.