खोक्याच्या लाकडाची गिटार

गणराजला कार्यक्रमांची नावं ढीगभर सुचतात, कार्यक्रम मात्र वर्षातून एखादाच होतो. या वेळी चिंचवडच्या एका छोट्या हॉलची तारीख मिळाल्याबरोबर त्यानं गिटारवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. नाव 'पहिली गिटार'. प्रत्येकानं आपली पहिली गिटार घेऊन यायचं, तिची गोष्ट सांगायची आणि तिच्यावर एक गाणं वाजवायचं. सांभाळून ठेवली नसेल तर कुठं गेली ते खरं खरं सांगायचं.

दिवसभर ग्रुपवर नुसता धुमाकूळ चालला होता. एकाची गिटार आईच्या कपाटावर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागं होती. एकानं मोबाइलच्या बदल्यात देऊन टाकली होती आणि तो मोबाइल आठवड्यात बसमध्ये चोरीला गेला होता. तळवड्याच्या कंपनीत शिफ्ट सांभाळून बेस वाजवणाऱ्या समाधान कांबळेनं लिहिलं, "आपली पहिली गिटार जयंतीच्या ऑर्केस्ट्राची होती राव. अख्ख्या वस्तीची. कुणाच्या घरी असंल तर सांगा, पाया पडून येतो."

उझ्मानं सगळं वाचलं, हसरे चेहरे टाकले, स्वतःचं मात्र काही लिहिलं नाही. ती तिशीची होती. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात आणि चाकणच्या कंपन्यांच्या फॅमिली डेला गिटार वाजवायची, संध्याकाळी मोशीत मुलांचे क्लास घ्यायची. पहिल्या गिटारबद्दल कुणी विचारलं की ती पिंपरीतून घेतलेल्या सेकंडहँड गिटारचं नाव सांगून मोकळी व्हायची. ती खरं तर दुसरी होती.

पहिली तिच्या अब्बांनी बनवली होती. चांदभाई उदगीरकडून तरुणपणी इकडं आले आणि तळवड्यात त्यांनी पत्र्याची शेड टाकली. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या मोठाल्या खोक्यांत. ती रिकामी खोकी उचलून आणायची, जंबुरानं खिळे उपटायचे, फळ्या सुट्या करून फर्निचरवाल्यांना विकायच्या, हा त्यांचा धंदा. उझ्मानं गिटारचा हट्ट धरला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. चांदभाईंनी दुकानात जाऊन एक गिटार विती लावून मोजली. दुकानदार बघतच राहिला. मग मोडक्या गिटारच्या सहा लोखंडी खुंट्या कुठून तरी पैदा केल्या आणि महिनाभर खपून खोक्याच्या फळ्यांची गिटार उभी केली. पाठीवर खोक्याचा छापा तसाच होता, वर तोंड केलेले दोन बाण आणि काचेचा पेला, आत नाजूक माल आहे अशी खूण. तो त्यांनी मुद्दाम ठेवला. त्यांना तो शोभेचा वाटला होता.

शाळेच्या स्नेहसंमेलनात उझ्मा ती घेऊन उभी राहिली आणि पोरींना तो पेला दिसला. त्या दिवसापासून तिचं नाव 'फ्रॅजाइल' पडलं. त्यात मऊ लाकडाची मान तारांच्या ताणानं वाकली आणि सूर लागेनासे झाले. जानेवारीच्या थंडीत एका सकाळी, अब्बा खोक्यांच्या लिलावाला चाकणला गेलेले असताना, तिनं पायानं गिटारचे तुकडे केले आणि अंघोळीच्या बंबात घातले. अब्बांना सांगितलं, आम्रपालीला दिली, तिला शिकायचंय. आम्रपाली शेजारच्या चाळीतली तिची मैत्रीण. "दिलीस ते बरं केलंस," अब्बा म्हणाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी तिला पिंपरीतून खरीखुरी, सेकंडहँड गिटार आणून दिली. पोरीला वाटलं, आपण वाचलो, विषय संपला.

आता चांदभाई अंथरुणाला खिळले होते. जन्मभर लाकडाचा भुसा खाल्लेली फुप्फुसं दमली होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी थोडेच आठवडे सांगितले होते. त्यांना हसवावं म्हणून उझ्मानं ग्रुपवरचे किस्से वाचून दाखवले आणि तिथंच तिची चूक झाली.

चांदभाई महिन्याभरात पहिल्यांदा स्वतःहून उठून बसले. "मग तू आपली ने की."

"कुठली?"

"आपली. खोक्याची. आम्रपालीकडनं माग. नाशकाला सासरी आहे ना ती? बसनं पाठवंल ती." एवढं बोलून त्यांना धाप लागली. धाप ओसरल्यावर म्हणाले, "लई दिवस झाले बघून, बेटा."

खरं सांगायची वेळ हीच होती. उझ्माला ते कळतही होतं. पण अब्बांचे डोळे असे उजळले होते की तिची जीभ रेटेना. "विचारते," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं उठली. स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून ती रडली. पंधरा वर्षांपूर्वीचा पोरकटपणा, आणि त्याची लाज अशी मरणाच्या दारात येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. धंदा आता धाकटा भाऊ शादाब बघत होता. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, "तशीच एक बनव. हुबेहूब."

शादाब हातातली पहार खाली ठेवून तिच्याकडं बघत राहिला. "आपा, अब्बांना फसवायचं?"

"मग काय सांगू त्यांना? तुमची गिटार जाळून अंघोळ केली?"

शादाबनं पहार पुन्हा उचलली. "बघतो," एवढंच तो म्हणाला.

आठवड्यात गिटार तयार झाली. उझ्मानं ती हातात घेऊन फिरवून बघितली. तेच बुटकं अंग, तेच जरा डावीकडं सरकलेलं भोक, पाठीवर बाण आणि पेला, तोही तेवढाच तिरका. लाकडाचा नवेपणा जावा म्हणून शादाबनं चहाच्या पाण्याचे हात दिले होते. पंधरा वर्षांचं लाकूड दिसावं तसं ते दिसत होतं.

चादरीत गुंडाळून तिनं ती घरी आणली. "आम्रपालीनं पाठवली, अब्बा." खोटं बोलताना तिनं चादरीच्या गाठीकडं बघितलं.

चांदभाईंनी गिटार मांडीवर घेतली. उलटी केली, छाप्यावरून अंगठा फिरवला. मग मान डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तशी बघितली.

"सांभाळलीय हो पोरीनं," ते म्हणाले. "माझा दुवा सांग तिला."

"मान तेव्हा वाकली होती ना," उझ्माच्या तोंडून निसटलं. लगेच तिनं जीभ चावली.

"लाकूड मुरलं की सरळ होतं," चांदभाई शांतपणे म्हणाले. "वाजव."

तिनं वाजवलं. चांदभाई डोळे मिटून ऐकत होते. दारात अम्मी, परवीन, उभी होती. ती मधेच आत निघून गेली. उझ्माला वाटलं, दूध उतू जात असेल. त्या संध्याकाळी उझ्माला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. आपण अब्बांना शेवटचं एक सुख दिलं, असं तिला मनापासून वाटलं.

नवव्या दिवशी चांदभाई गेले.

दफनाला तळवड्याचे हमाल, फर्निचरवाले, कंपन्यांचे गेटवरचे लोक आले. समाधान रात्रपाळी करून तसाच आला आणि खांदा देऊन गेला. कार्यक्रमाला तीन आठवडे होते. उझ्मानं गणराजला नाही म्हणून कळवलं होतं, पण अम्मी म्हणाली, "जा. त्यांचा जीव होता त्याच्यात. घरात बसून रडलीस तर त्यांना काय मिळणार आहे?"

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी शादाब तिला सोडायला मोटारसायकलवर निघाला. हॉलच्या आवारात गाडी लावल्यावर उझ्मा गिटारची चादर सोडवत म्हणाली, "तुझ्या हाताला मानलं रे. प्रत्यक्ष अब्बांना ओळखू आली नाही."

शादाबनं हेल्मेट काढलं नाही. काच वर करून तो नुसता उभा राहिला.

"काय झालं?"

"आपा, तू जाळलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला ती गिटार काडीचीही आठवत नव्हती. भोक कुठं, छापा कुठं, काहीच नाही."

"मग?"

"मग काय. अब्बांनाच विचारलं." तो खाली बघत होता. "शपथ घातली होती त्यांनी, सांगायचं नाही म्हणून. पण तू माझं कौतुक करायला लागलीस, मला नाही राहवत आता."

उझ्मानं गिटार गाडीच्या सीटवर टेकवली.

"त्यांना ठाऊक होतं, आपा. पहिल्यापासून. बंबातली राख तेच काढायचे ना दर आठवड्याला? ढलप्यांतले खिळे भंगारात जायचे. राखेतनं लोहचुंबक फिरवला तर सहा खुंट्या चिकटून आल्या. काळ्या पडलेल्या. बघताक्षणी कळलं त्यांना. अम्मीला सांगितलं, पोरीला बोलू नको, गिटार वाकडी झाली ती माझी चूक, मी लाकूड चुकीचं घेतलं."

"मग मला ने कशाला म्हणाले?" उझ्मानं विचारलं. "ठाऊक होतं तर आम्रपालीचं नाव कशाला घेतलं?"

"तेच मीही विचारलं. म्हणाले, तिला एकदा बोलायला वाट करून द्यावी म्हटलं. मी मेल्यावर हे ओझं तिच्या डोक्यावर राहायला नको. पण तू 'विचारते' म्हणालीस आणि उठून गेलीस. मग मी त्यांना सांगितलं, आपानं नवी बनवायला सांगितलीय. हसले. म्हणाले, बनव मग, चांगली बनव. मी सांगतो तशी. तिला माझ्यासमोर खाली बघायला लागू नये."

हॉलमध्ये कुणीतरी माइक तपासत होतं. एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन.

"मान त्यांनीच केली," शादाब म्हणाला. आता त्याला थांबता येत नव्हतं. "तू मोशीला क्लासला गेलीस की मी ती गोधडीत गुंडाळून घरी आणायचो. नाकात नळी तशीच ठेवून बसल्या बसल्या पॉलिश पेपरनं घासायचे. अम्मी भांडायची, भुसा उडतोय, तुमचा श्वास जाईल. ऐकलं नाही. खोकला वाढला होता बघ त्या आठवड्यात."

वाढला होता. उझ्माला आठवत होतं. तिनं डॉक्टरांना फोन करून औषध बदलून घेतलं होतं, खिडक्या लावून घेतल्या होत्या, हवा खराब झालीय म्हणून कारखान्यांच्या नावानं बोटं मोडली होती. आणि अब्बा तिचं खोटं तासून गुळगुळीत करत होते. एक शब्द, फक्त एक शब्द त्या दिवशी तिच्या तोंडून निघाला असता तर ते वाचले नसते, हे खरं. पण ते नीट श्वास घेत, आपल्या पोरीशी खरं बोलून गेले असते. ते तिनं स्वतःच्या हातानं घालवलं होतं, आणि आता ते मागायला कुणाच्या दारात जायची सोय उरली नव्हती.

ती तिथंच फरशीवर बसली. शादाब शेजारी बसला. मग आतून समाधान बोलवायला आला. त्यानं दोघांचे चेहरे बघितले. "तुझा नंबर शेवटचा लावलाय," म्हणाला.

हॉल भरला होता. कपाटावरची गिटार, गावाकडून आलेली गिटार, फुटून चिकटवलेली गिटार, एकेक येऊन वाजून गेली. लोक खुशीत होते. गणराजला असा रंगात आलेला हॉल क्वचितच मिळतो, त्यामुळे तो भलताच चेकाळला होता.

"आणि आता उझ्मा शेख!" तो ओरडला. "बघा, हातात घेऊनच आलीय. कधीपासून सांभाळलीय ही?"

"महिन्यापासून," उझ्मा म्हणाली.

लोक खुसखुसले.

"पहिली मी जाळली. बंबात घातली."

आता हॉल खो खो हसला. मागून कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. "रॉकस्टार!" गणराज म्हणाला आणि त्यानंही टाळी वाजवली. उझ्मा माइकसमोर उभी राहिली. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. कडेला उभा असलेला समाधान तेवढा हसत नव्हता.

"ती माझ्या अब्बांनी केली होती," ती म्हणाली.

पुढच्या रांगा आधी गप्प झाल्या, मग मागच्या. गणराजचा माइक हातातच राहिला. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यानं हळू आवाजात विचारलं, "आणि ही?"

"हीसुद्धा त्यांनीच. मला त्यांच्याशी खोटं बोलता यावं म्हणून."

मग ती खुर्चीवर बसली आणि तारा जुळवायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.