सरळ रेघ

मारेनने तो कागद कुंपणावर मुद्दाम शेजारच्या लॉइडच्या बाजूला तोंड करून डकवला. आठवडाभराची हवा त्यावर निळ्या शाईत उतरली होती. संध्याकाळ झाली की रेघ डोंगर चढायची. लॉइडची लाकडाची शेगडी पेटायची तीच वेळ.

रेघ काढणारं यंत्र मारेनने घरीच जुळवलं होतं. मोडक्या प्रिंटरच्या दोन मोटारी, मासेमारीची दोरी, दोरीला लटकलेलं पेन. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ते दिवसभर कुरकुरत सरकायचं. गल्लीत कुणीतरी हवेतला धूर मोजणारा डबा लावला होता, त्याचे आकडे इंटरनेटवर सगळ्यांना दिसत. यंत्र तेच उचलायचं. तिच्या दीड वर्षाच्या लेकीला, सिगनीला, धुराने दम लागायचा, आणि अमेरिकेतल्या मोंटानामधल्या या खोऱ्यात हिवाळाभर धूर वाडग्यात साचावा तसा साचायचा. सारखं फोनमध्ये डोकं खुपसण्यापेक्षा हे बरं. रेघ खाली असली तरच सिगनी बाहेर जायची.

"हे काय लावलंयस?" लॉइड कुंपणापाशी आला. सत्तरी ओलांडलेला, हातात कुऱ्हाड तशीच.

"तुमचा धूर. वाचता येत नसेल तर वाचून दाखवते."

"माझ्या बापाने याच शेगडीवर पाच पोरं वाढवली. एकालाही खोकला नव्हता."

"त्यांना विचारलं होतंत?"

"जीभ बघा हिची! काचेच्या कपाटात पोर वाढवतेयस तू. आणि हे आकडे आणलेस कुठून?"

"या गल्लीतल्याच डब्यावरून. खोटे नाहीत."

लॉइडने कागद नीट पाहिला. मग स्वतःच्या पडवीकडे बोट केलं. वळचणीला एक पांढरा डबा लटकत होता.

"तो डबा? माझी इंगर ऑक्सिजनवर होती तेव्हा मी लावला. ती गेली, पण काढवला नाही. माझ्याच बायकोच्या डब्याने माझ्यावर पाळत ठेवतेस होय गं?"

मारेनने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

तो कुऱ्हाड घेऊन घरात गेला.

त्या दुपारी वारा सुटला होता, रेघ पार तळाला. संध्याकाळीही ती वर चढली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही.

"लाजला म्हातारा," मारेन सिगनीला म्हणाली. सर्दीने मारेनचं स्वतःचं नाक चोंदलं होतं, धुराचा वास येत नव्हता. बाहेरचं पांढुरकं तिला धुकंच वाटलं. सिगनीला जाड कपडे चढवून तिने बर्फावरची घसरगाडी काढली.

कुंपणापर्यंत जाईस्तोवर सिगनी खोकायला लागली. मग श्वासाबरोबर शिट्टी वाजू लागली, ओठ निळसर पडले. मारेनने तिला उचललं आणि वर पाहिलं. लॉइडच्या धुराड्यातून धूर खाली ओघळत होता.

घरात सिगनीच्या तोंडावर मास्क धरून औषधाचे फवारे देताना तिची नजर भिंतीवर गेली. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. खरी हवा कधी अशी नसते, तिच्या रेघेला सतत कंप असतो. आकडा आला नाही तर मागचाच पुन्हा काढ, असं यंत्राला तिनेच सांगून ठेवलं होतं. रेघेत खंड पडलेला तिला खपत नव्हता.

सिगनीचा श्वास मोकळा होत आला तेव्हा दार वाजलं. लॉइड.

"खोकताना ऐकलं. कशी आहे?"

"डबा बंद केलात तुम्ही."

"माझा डबा आहे. तू यंत्राला विचारून पोर बाहेर काढतेस, मला काय ठाऊक? धुराडं दिसत नव्हतं तुला?"

ते मात्र लागलं.

"लावलाय परत," तो म्हणाला. "पोरीसाठी. तुझ्यासाठी नाही. आणि तो कागद काढ."

"शेगडी?"

"शेगडी पेटणार."

"मग कागदही राहणार."

त्याने दार आपटलं. भिंतीवर मोटारी कुरकुरल्या. पेन तळातून सुटलं आणि थेट कागदाच्या वरच्या काठाला जाऊन भिडलं.

सिगनीला कडेवर घेऊनच मारेनने लॅपटॉप उघडला आणि यंत्राला दिलेली आपलीच ती सूचना खोडून नवी लिहिली. आकडा नाही, तर पेन उचल. मग खिडकीपाशी जाऊन ती धुराड्याकडे बघत उभी राहिली.