दोनशे बारा तारे

"काढून टाक त्या ओळी," डॉक्टर वाइदोतास म्हणाले. "सहा हजारांतले दोनशे बारा तारे. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"पण सर, यंत्र बाकी कुठेच एवढं चुकत नाहीये."

"म्हणूनच सांगतोय, कोत्रिना. आणि बाईंच्या कानावर घालू नकोस. या वयात कशाला दुखवायचं?"

बाई म्हणजे स्तेफानियाबाई. विल्नियसच्या आमच्या संस्थेत चौतीस वर्षं त्यांनी ताऱ्यांचा उजेड मोजला. दुर्बिणीत सात रंगांच्या काचा एकामागून एक सरकवायच्या, प्रत्येकीतून किती उजेड येतो ते वहीत लिहायचं आणि त्यावरून तारा किती तापलेला आहे ते ठरवायचं. एकेका ताऱ्याला दहा मिनिटं. लेख शास्त्रज्ञांच्या नावाने निघत. बाईंच्या स्वतःच्या नावावर एकच लेख होता, १९८४ सालचा, चार पानांचा. हंस नक्षत्रात थंड, म्हाताऱ्या ताऱ्यांचा एक समूह सापडल्याचा.

शहात्तराव्या वर्षी त्या दर मंगळवारी येऊन आपल्या जुन्या वह्या संगणकात उतरवत होत्या, माझ्यासाठी. उपग्रहाने आता कोट्यवधी ताऱ्यांचा उजेड मोजून ठेवलाय. त्यातले बाईंचे सहा हजार तारे दाखवून मी संगणकातल्या या यंत्राला शिकवत होते, की उजेड असा असेल तर तापमान एवढं. थोडे तारे झाकून ठेवायचे आणि मागाहून त्याला विचारायचे. उत्तरं इतकी नेमकी येत, की बाई टाळ्या वाजवत. "माझं अख्खं आयुष्य यानं चहा गार व्हायच्या आत उरकलं की गं!"

फक्त एकोणीस नंबरच्या वहीतले दोनशे बारा तारे जुळेनात. यंत्राच्या मते ते बरेच जास्त तापलेले होते. आणि बाईंचा समूह तो हाच.

मंगळवारी मी काहीच बोलले नाही. पण बाईंची नजर माझ्या पडद्यावर गेलीच. सगळे ठिपके एका रेषेवर आणि एक पुंजका बाजूला.

"हे कोण रुसून बसलेत?"

"काही नाही, बाई. यंत्र चुकतंय तिथे. काढूनच टाकतेय."

"सगळे एकाच बाजूला? चुकणारा जरा इकडे, जरा तिकडे चुकतो, पोरी." त्यांनी ताऱ्यांचे क्रमांक वाचले. मग म्हणाल्या, "एकोणीस नंबरची वही दे."

दुपारपर्यंत त्या पेन्सिलीने आकडेमोड करत राहिल्या. पनीर लावलेला काळा पाव शेजारी वाळून गेला. चौथ्या काचेचे आकडे पाचवीत आणि पाचवीचे चौथीत घालून त्यांनी दहा तारे नव्याने मांडले.

"आता बघ."

मी पाहिलं. दहाही यंत्राच्या उत्तराला येऊन मिळाले होते.

"महिनाभर ढग होते," बाई म्हणाल्या. "मग पाच रात्री आभाळ उघडलं. काचा धुऊन मीच परत बसवल्या होत्या, या दोन एकमेकींच्या जागी. आधी एक ओळखीचा तारा मोजून खात्री करायची असते. दहा मिनिटं लागतात. मी ती वाचवली."

"म्हणजे तो समूह..."

"समूह बिमूह काही नाही. साधे तारे आहेत, चांगले तापलेले." त्यांनी पडद्यावर हलकेच टिचकी मारली. "हुशार आहे गं तुझं हे. मला एकेचाळीस वर्षांत कळलं नाही."

वाइदोतास आले. त्यांना अवघडल्यासारखं झालं. "जाऊ दे ना, स्तेफानिया. तो लेख आता वाचतंय कोण?"

"मी वाचते," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती छापायची. चूक माझी, असं स्पष्ट लिहून. आणि या ओळी काढायच्या नाहीत, सुधारायच्या. तारे तर आहेतच ना तिथे?"

सुधारलेल्या आकड्यांवर यंत्राला पुन्हा शिकवलं. दुरुस्ती जुलैत छापून आली, अकरा ओळींची. मी अंक दिला, तो त्यांनी न उघडताच पिशवीत ठेवला.

"त्या दोनशे बाराची नवी तापमानं कागदावर काढून देशील?"

चार पानं झाली. ती घेऊन त्या बाहेर, लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर बसल्या. मी खिडकीतून पाहत होते. एकेका क्रमांकावर बोट ठेवून त्या वाचत होत्या, ओठ हलत होते. मध्येच कागदावर पडलेली फुलं हाताने बाजूला सारत होत्या. समोरून दोन ट्रॉलीबस येऊन गेल्या. त्या अजून दुसऱ्याच पानावर होत्या.