चौसष्ट ओळींची जमीन

भिंगरीनं तिच्या बाबाला सांगून टाकलं होतं, "रविवारपर्यंत जमलं तर जमलं. नाहीतर हे धूड माझ्या खोलीतून उचल. नुसता पंखा घरघरत असतो त्याचा. डोकं उठतं."

धूड म्हणजे तिचा कॉम्प्युटर. भिंगरी माझ्या भाचीची मुलगी, तेरा वर्षांची. मी तिची मावशीआजी. दीड वर्षापूर्वी एका आजारपणात तिची नजर गेली. आता उजेड कुठल्या बाजूनं येतोय एवढंच तिला कळतं. जिभेला मात्र काही झालेलं नाही.

नजर होती तेव्हा ती एक खेळ खेळायची. डोंगरदऱ्यांचा मोठा मुलूख, त्यात एक एकटा वाटसरू, आणि त्यानं सगळ्यात उंच शिखरावर पायी जायचं. लढाई नाही, गुण नाहीत, शर्यत नाही. नुसतं चालायचं. हे शिखर गाठायला माणसांना महिनेच्या महिने लागतात म्हणे. भिंगरी अर्ध्या वाटेवरच्या दगडी झोपडीपर्यंत पोचली होती. तिचा वाटसरू दीड वर्ष तिथेच बसून होता.

"नव्यानं सुरुवात करूया ना," मी म्हटलं होतं. "पायथ्यापासून."

"नाही. तिथपर्यंत मी डोळ्यांनी आलेय, मावशीआजी. उरलेलं कानांनी जाईन. पण तिथूनच."

मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलाच्या बोलण्यातला हट्ट कुठला आणि गरज कुठली, हे मला आवाजावरून कळतं. ही गरज होती. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. खेळाचं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे ती मास्तरीण आणि मी विद्यार्थिनी.

पहिला धडा असा. खेळ कंपनी बनवते, पण खेळणारी माणसं त्यात आपापली भर घालतात. कुणी नवी झाडं लावतं, कुणी आकाशाचा रंग बदलतं. त्या भर घालण्याला मॉड म्हणतात, आणि ती माणसं ते फुकट वाटून टाकतात. भिंगरीनं तीन मॉड शोधून ठेवले होते. पहिला 'बोलका'. एक बटण दाबलं की वाटसरूच्या समोर काय आहे आणि पायाखाली कसली जमीन आहे, हे तो बोलून दाखवतो. तो बनवणारा माणूस स्वतःच आंधळा. दुसरा 'पावलं'. एका बाईनं आपले बूट घालून वाळूत, चिखलात, गवतात, लाकडी पुलांवर चालून ते आवाज टिपले आणि खेळातल्या प्रत्येक जमिनीला तिचा तिचा आवाज दिला. तिसरा 'वारा'. त्यात दूरच्या प्रत्येक गोष्टीचा आवाज तिच्याच दिशेनं आणि तिच्याच अंतरावरून ऐकू येतो. तो कुणा कॉलेजच्या पोरानं केला होता आणि चार वर्षांपूर्वी तसाच सोडून दिला होता.

तीन माणसं, तीन देश, एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. तिन्ही मॉड आम्ही एकदम घातले आणि खेळ मुका झाला. पडद्यावर वाटसरू नुसता उभा.

"भांडताहेत," भिंगरी म्हणाली.

"कोण?"

"तिघं. आपल्याला माहीत नाही कोण कुणाशी."

हे मात्र माझं क्षेत्र होतं. वर्गात गोंधळ झाला की सगळ्यांना बाहेर काढायचं आणि एकेकाला आत घ्यायचं. मी तसंच करायला सांगितलं. आणि आधी त्या झोपडीतल्या वाटसरूची, म्हणजे तिच्या जुन्या खेळाची, नक्कल काढून घेतली. मूळ प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि सगळे प्रयोग नकलेवर केले.

"तू अगदी शाळेतली बाई आहेस," भिंगरी म्हणाली. पण दोनदा नक्कल मोडली, तेव्हा तिनंच विचारलं, "मूळ आहे ना गं जागेवर?"

एकटा बोलका चालला. बोलका आणि वारा चालले, पण दोघांनी एकच बटण आपलं मानलं होतं. ते दाबलं की एक बोलायचा आणि दुसरा बंद पडायचा. वाऱ्याला दुसरं बटण दिलं, भांडण मिटलं. मग पावलं आत घेतली आणि खरी पंचाईत झाली. पावलांचे आवाज सुरू झाले, पण पायाखाली काय आहे विचारलं की बोलका गप्प. क्रम बदलला, तर बोलका बोलू लागला आणि पावलं सगळीकडे एकसारखी, टक टक टक टक, गवतावरसुद्धा.

दोन दुपारी त्यात गेल्या. भिंगरीनं कीबोर्ड ढकलून दिला. "नेऊ दे बाबाला."

तिचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. तो संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला, हातांना काळं वंगण. "मावशी, काय म्हणता? न्यायचं का?"

"रविवार शुक्रवारीच उजाडतो का रे तुमच्याकडे?" मी म्हटलं. "जा, हात धू."

तो गेला. मी त्या दोन मॉडच्या फाइली उघडल्या. आत काहीतरी अगम्य असेल या भीतीनं आजवर मी तिकडे फिरकले नव्हते. आत काय निघालं? तक्ता. साधा, रकान्यांचा तक्ता. खेळातल्या एकेका जमिनीला एकेक ओळ: माती, ओली माती, खडी, गवत, बर्फ. प्रत्येक ओळीत एक रकाना नावाचा, एक आवाजाचा. आंधळ्या माणसानं नावांचा रकाना भरला होता आणि आवाजाचा होता तसाच ठेवला होता. बूटवाल्या बाईनं आवाजांचा रकाना भरला होता आणि नावांचा कोराच. खेळ दोघांपैकी एकाचाच तक्ता घेत होता, अख्खाच्या अख्खा.

मला हसूच फुटलं. मी भिंगरीला वाचून दाखवलं.

"म्हणजे भांडतच नाहीयेत," ती हळूच म्हणाली. "दोघांनी अर्धं अर्धं लिहिलंय."

"आणि एकाला दुसऱ्याचं माहीतच नाही."

"मग आपण पूर्ण लिहू. तिसरा तक्ता. आपला."

बोलक्याच्या तक्त्यात चौसष्ट ओळी होत्या. मी नाव वाचायचे, ती त्या नावाचा आवाज बाईच्या संग्रहातून लावून ऐकायची. "सुकी पानं." चुर्र चुर्र. "हां, हेच. पुढे." "भिजलेली पानं." "हे नाही, हे गवत वाटतंय. पुढचं लाव... हे! शहारा येतो, नाही?" खरंच यायचा. कुठल्याशा रानात, कुठल्याशा सकाळी एक बाई भिजल्या पानांवरून चालली, आणि ते पाऊल इथे, या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी पडत होतं. मी जन्मभर चालले, पण मातीला इतके आवाज असतात हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सिमेंटवर दप्तर ओढत जाणाऱ्या मुलांचा आवाज तेवढा ठाऊक होता.

तक्ता शनिवारी दुपारी पूर्ण झाला. मी तो मॉडच्या यादीत सगळ्यांच्या वर ठेवला आणि खेळ सुरू केला. टक टक टक टक.

"कुठे ठेवलास?" भिंगरीनं विचारलं.

"सगळ्यात वर. मुख्य तोच ना? मुख्याध्यापकांचं नाव वरच असतं."

ती खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली. "अगं मावशीआजी! इथे जो शेवटी बोलतो त्याचं खरं! सगळ्यात खाली ठेव त्याला!"

ठेवला. वाटसरू झोपडीच्या लाकडी जमिनीवर उभा होता. भिंगरीनं त्याला एक पाऊल पुढे टाकायला लावलं. फळी करकरली. दुसरं पाऊल, उंबऱ्याचा दगड. मग दार, आणि दाराबाहेर वारा. डाव्या कानात, खाली खोल, पाणी वाहत होतं.

"नदी," ती म्हणाली. तिनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली. तीन अनोळखी माणसांची कामं या क्षणापर्यंत एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. ती पहिल्यांदा इथे भेटली, आणि एक डोंगर उभा राहिला. मी तो डोंगर ऐकत होते.

रविवारी सकाळी नाश्ता होताच ती चढायला बसली. आता ती थांबून थांबून बोलक्याला विचारत नव्हती. पायांनीच वाट काढत होती. खडीचा आवाज आला की वाट, गवताचा आला की वाट सुटली, परत फिर. तिचा बाबा सुट्टीचा दिवस म्हणून वर्तमानपत्र घेऊन दारापाशी बसला होता, पण तासाभरात त्यानं एकही पान उलटलं नाही.

शिखराखालच्या शेवटच्या सोंडेवर वाटसरू पडला. बर्फ फुटला आणि तो खालच्या ओढ्यात गेला. खेळ सोंडेच्या पायथ्यापासून पुन्हा सुरू झाला. ती पुन्हा चढली, पुन्हा पडली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. सहाव्या वेळी तिनं सोंडेच्या मध्यावर थांबून बोलक्याचं बटण दाबलं.

"पातळ बर्फ," बोलका त्याच्या सपाट आवाजात म्हणाला.

भिंगरीनं आणखी एक पाऊल टाकलं. जाड बर्फाचा घट्ट, दाबल्यासारखा आवाज आला, आणि बर्फ फुटून वाटसरू खाली गेला.

"जीभ एक सांगते आणि पाय दुसरंच," ती म्हणाली. "पातळ बर्फाला जाड बर्फाचा आवाज कुणी दिला?"

मी कबूल केलं. बाईच्या तक्त्यात एकसष्टच ओळी होत्या. नंतर खेळात तीन नव्या जमिनी आल्या आणि तिनं त्यांचे आवाज टिपलेच नाहीत. राख, शेवाळलेला दगड आणि पातळ बर्फ. तीन रकाने रिकामे राहत होते. आयुष्यभर हजेरीपट भरले मी, रिकामा रकाना मला बघवत नाही. मी राखेला वाळूचा आवाज दिला, शेवाळलेल्या दगडाला दगडाचा, आणि पातळ बर्फाला बर्फाचा. तिला सांगितलंही नव्हतं.

"सॉरी गं," मी म्हटलं. "माझ्यामुळे पाच वेळा पडलीस."

"सहा." दुपारचे दोन वाजत आले होते. बाबानं वर्तमानपत्राची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"मावशीआजी, ते तीन रकाने पूस."

"मग तिथे काहीच वाजणार नाही."

"तेच हवंय. पाऊल टाकलं आणि आवाज आला नाही, की समजायचं तिथे भरवसा नाही. पातळ बर्फ एक पाऊल सोसतो, दुसऱ्याआधी मागे फिरायचं."

मी पुसले. पुसताना जिवावर आलं, खोटं का सांगू.

ती सातव्यांदा सोंडेवर आली. करकर, करकर, बर्फ. मग एक पाऊल पडलं आणि काहीच वाजलं नाही. ती तिथल्या तिथे थांबली, एक पाऊल मागे आली. करकर. उजवीकडे गेली, नाही. डावीकडे, करकर. असं ती त्या सोंडेवरून गेली. जिथे काही नव्हतं तिथेच तिला काठ सापडत होता. छत्तीस वर्षं मी मुलांना रिकाम्या जागा भरायला शिकवलं. ही पोर रिकाम्या जागेवर हात टेकून पुढे चालली होती. बाबा कधी उठून आमच्या मागे येऊन उभा राहिला, मला कळलं नाही.

मग बर्फ संपला. दगड. दगड. आणि एकाएकी चारी बाजूंनी वारा. पाठीमागे डोंगर उरलाच नाही.

"पोचले," भिंगरी म्हणाली. आवाज एवढासा.

मी पडद्याकडे पाहिलं. पडदा पांढरा होता. शिखरावर धुकं भरलं होतं, वाटसरूचे बूटसुद्धा धड दिसत नव्हते. या शिखरावर नेहमी धुकंच असतं हे मी मॉडवाल्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर वाचलं होतं. महिनोन् महिने चढून लोक वर येतात आणि त्यांना काही दिसत नाही, अशी तक्रारही वाचली होती. तिला हे कसं सांगावं याचा मी विचार करत होते.

तेवढ्यात तिनं हात उचलला. "ती नदी. आता किती बारीक झालीय, बघ. ती तिथे वळते." बोट डावीकडून हळूहळू समोर आलं. "तिथे पाणचक्की आहे, मी गेले होते तिथे. तिच्यापलीकडे मेंढ्या. घंटा ऐक त्यांच्या गळ्यातली. आणि हे... हे काय आहे? हे मी कधी पाहिलंच नव्हतं. खूप लांब. बाबा, ऐक ना. समुद्र आहे!"

बाबानं वाकून कान पुढे केला. होता. डोळे असलेल्या कुणालाही तो त्या शिखरावरून दिसणार नाही हे माहीत असताना, त्या कॉलेजच्या पोरानं चार वर्षांपूर्वी तो तिथे ठेवला होता, त्याच्या जागी, त्याच्या अंतरावर. मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर मला तो सगळा मुलूख दिसला, नदीपासून समुद्रापर्यंत, आणि तिचं बोट त्यावरून फिरताना.

"मग," बाबा म्हणाला, "हे धूड न्यायचं का?"

"हात तर लाव," ती म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि बटणांवर बोटं नीट ठेवली. "मावशीआजी, समुद्राच्या बाजूनं उतरायला वाट आहे का, ते बघ ना त्या पानावर. नसली तरी सांग. मी बोलक्याला विचारत विचारत जाईन."