विमानाने दोन तासांवरचं सासर

शाळेची बस चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ब्रेककाका म्हणत. बस असो की घरातला कुठलाही बेत, ब्रेक त्यांच्याच पायाखाली! आता तो लागला होता धाकटीच्या लग्नावर. मुलगा तिनेच निवडलेला, स्वभावाने सोन्यासारखा, नोकरीही चांगली. पण राहायला कुठे, तर हजार किलोमीटरवरच्या शहरात.

"बाबा, विमानाने दोन तास फक्त," धाकटी म्हणाली.

"ते हवेतले. जमिनीवरचे कोण मोजणार? उद्या तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर मी कधी पोहोचणार? स्वतः जाऊन बघतो, मग हो की नाही ते सांगतो."

"अहो, काहीतरीच काय!" बायको म्हणाली. पण काकांच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

शनिवारी ते सकाळीच निघाले. टॅक्सी पुलावर अडकली. विमानतळावर ही रांग, ती रांग. तपासणीत पट्टा काढायला लावला, तेव्हा एका हाताने पँट सावरत काका दुसऱ्या हाताने बूट शोधत राहिले. विमान धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं ते राहिलंच. "एवढ्यात मी अख्खी शाळा घरी सोडून आलो असतो," ते शेजारच्याला म्हणाले. उतरल्यावर पुन्हा टॅक्सी, पुन्हा गर्दी. मुलाच्या दारात पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. नकार जिभेवर तयार होता. धाकटी रडणार, हे त्यांना माहीत होतं.

मुलगा कामावर होता. दार त्याच्या आईने उघडलं. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात टेप तशीच. तिने चहा ठेवला. काकांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "ताई, राग मानू नका. पण इतक्या लांब लेक द्यायला जीव धजत नाही."

ताई रागावल्या नाहीत. खिडकीतून त्यांनी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. "ते हिरव्या दाराचं घर दिसतं? माझं माहेर. चालत पाच मिनिटं. वडील अखेरच्या घटका मोजत होते, तेव्हा निरोप आला. सासूबाई म्हणाल्या, स्वयंपाक उरकून जा. केला, सगळ्यांना वाढलं, आणि धावत गेले. तोवर सगळं संपलं होतं."

काकांनी उचललेला कप पुन्हा खाली ठेवला.

"तुमची मुलगी जाते म्हणाली, तर मी का म्हणूनही विचारणार नाही," ताई म्हणाल्या. "विमान उशिरा सुटलं तर माझा इलाज नाही. पण या दारात तिला कुणी अडवणार नाही."

काकांनी जिन्यात येऊन घरी फोन लावला. "धाकटीला सांग, माझा होकार आहे."

"अगं बाई, खरंच?" बायको हसतेय की रडतेय, कळेना.

काका फोन धरून तसेच उभे राहिले. त्यांची सासू त्यांच्याच शहरात होती, नदीपलीकडे. म्हातारीला बघायला जायचं तर बायको चार दिवस आधीपासून त्यांचा मूड सांभाळायची, आणि ते दर वेळी म्हणायचे, "पुढच्या रविवारी बघू." यात काही वावगं आहे, असं त्यांना आजवर वाटलंच नव्हतं.

"ऐक," ते म्हणाले. "तू आत्ता आईकडे जा. माझ्या जेवणाचं बघू नकोस. वाटलं तर राहा तिथेच."

बायकोने हळूच विचारलं, "आत्ता? म्हणजे... जाऊ ना मी?"

"अगं, जा म्हटलं ना!"

"नक्की जाऊ ना?" तिने पुन्हा विचारलं, आणि काकांना रडू कोसळलं.