परक्या माणसाचं माप

गुरुवारी दुपारी आई पुन्हा सुया आणायला निघाली. इस्त्रीचे कपडे, तोंडाला पावडर, पायात नव्या चपला.

"महिन्यात तिसऱ्यांदा सुया? मशीन खातंय की काय?"

"खातंय. म्हातारं झालंय, चावतं," ती म्हणाली. "जेवण झाकून ठेवलंय. वाढून घे, घोडे."

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आईने चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवले, माझे तर सगळेच. नवीन काही घालून पाहिलं की मी "बसलं" एवढंच म्हणायचे.

तीन तासांनी ती परतली. डोळे लाल, चेहरा उजळलेला, सुयांचा पत्ता नाही. जरा आडवी झाली, डोळा लागलासा वाटला, तेव्हा मी तिची पर्स उचकली.

आत मापांची वही होती. एका पानावर थबकले. "छाती बेचाळीस. खांदा एकोणीस. बाही पंचवीस, डावी अर्धा इंच आखूड." पुरुषाचं माप. माप घ्यायला किती जवळ जावं लागतं, हे शिंपिणीच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही. वही जागच्या जागी ठेवली. संध्याकाळी चहाचा कप तिच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर डोकं टेकून बसलेली सापडली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे खांदे मी डोळ्यांनी मोजत होते. कोपऱ्यावरचा औषधवाला? छाती छत्तीसही भरणार नाही. ती पूर्वी शिवायची त्या दुकानाचे मालक? त्यांचं पोटच आधी घरात आलं. लाज वाटत होती, तरी मोजत होते.

पंधरवड्याने मशीनचा खण उघडला. रबराने बांधलेली सिनेमाची तिकिटं, सगळी गुरुवार दुपारची, दर वेळी एकच. त्याखाली कपडे बेतायचे खाकी कागद, घड्या घातलेले, आईच्या अक्षराने भरलेले. प्रत्येक सिनेमाची सुरुवात नायकाच्या मापाने. पडद्यावरून, नुसत्या नजरेने घेतलेलं. माझा बेचाळीस छातीचा माणूसही तिथे होता. "डावी बाही अर्धा इंच आखूड. कोट भावाचा असणार. म्हणून तो आरशासमोर थांबत नाही."

आयुष्यभर पुस्तकांत डोकं घालूनही मला एका बाहीत एवढं दिसलं नसतं.

शेवटचा कागद त्याच गुरुवारचा.

"या सिनेमातली आई झोपेचं सोंग घेते आणि मोठमोठे श्वास सोडते. चूक. सोंग घेणारी श्वास रोखते. आज पोरगी माझी पर्स उचकत होती, तेव्हा मीच करून पाहिलं. सांगून टाकायला हवं. पण एवढं वाचणारी पोरगी, माझं लिहिलेलं बघून हसेल."

मी कागद मशीनवर पसरला. घड्या हाताने सपाट केल्या, ती करायची तशा.

"मी संशय घेतला गं, आई," मी मोठ्याने म्हणाले. मग पुढचं नीट, सावकाश म्हटलं. "छान लिहिलंयस. सगळंच छान करायचीस."